निंबाच्या सावलीतली झेब्रिना: लावायची कशी आणि आवरायची कशी

अंगणात मोठा निंब असला की त्याच्याखालची जागा पडीक राहते. लॉन लावलं तर उन्हाअभावी दोन-तीन महिन्यांत विरळ होतं, गुलाब आणि मोगरा नुसत्या काड्यांवर उभे राहतात. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, उन्हाळ्यात फुफाटा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे चित्र सारखंच आहे. अशा जागेसाठी झेब्रिना हे चांगलं उत्तर आहे, पण एका अटीवर. पहिल्या दिवसापासून तिला हद्द घालून द्यायची.

नर्सरीत ती बहुतेक 'वांडरिंग ज्यू' या नावाने मिळते. शास्त्रीय नाव ट्रेडस्कॅन्शिया झेब्रिना, मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. पान दोन ते तीन इंच लांब, वरच्या बाजूला चंदेरी रंगाचे दोन लांब पट्टे, पान उलटलं की खाली जांभळ्या वांग्याचा रंग. खोड रसरशीत, पेरापेरांचं. फूल तीन पाकळ्यांचं, गुलाबी-जांभळं आणि बोटाच्या नखाएवढं. लोक ही फुलांसाठी लावत नाहीत, पानांसाठी लावतात.

शेतकऱ्याला तिची ओळख एका वाक्यात करून देता येते: ही केन्याची चुलत बहीण आहे. कपाशीत, सोयाबीनमध्ये निंदणीच्या वेळी उपटून बांधावर टाकलेला केना पहिल्या सरीनंतर पुन्हा मुळं धरतो, हे ज्याने पाहिलंय त्याला झेब्रिनेचा स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकच कुळ, तीच पेरं, प्रत्येक पेराशी मुळं फुटायची तीच सवय. फरक इतकाच की केना बीसुद्धा भरपूर टाकतो, अगदी जमिनीखालच्या फुलांतूनही. झेब्रिना आपल्याकडे पसरते ती तुकड्यांनी. म्हणजे तिचा प्रसार पूर्णपणे आपल्या हातात असतो, आणि ती हाताबाहेर गेली तर त्याचं कारणही आपला हातच असतो. आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. केन्याची भाजी खातात म्हणून कुणी झेब्रिनेची पानं खुडून फोडणीला टाकू नयेत. हिच्या रसाने खाज सुटते.

जागा आधी, रोप नंतर

झेब्रिनेला काळोख नको, उजेड असलेली सावली हवी. भर दुपारी जागेवर उभं राहून हातात वर्तमानपत्र धरलं आणि ते डोळ्यांना त्रास न होता, दिवा न लावता वाचता आलं तर उजेड बरोबर आहे. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन चालतं, उलट त्याने पानाचा जांभळा रंग गडद होतो. दुपारी बारा ते पाचमधलं ऊन मात्र खान्देशात मार्चपासून जूनपर्यंत चालत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि पश्चिमेकडून झळा येतात. अशा उन्हात अर्धा तास सापडलेलं पान आधी पांढुरकं होतं, मग कागदासारखं वाळतं.

जागा निवडताना एक चूक हमखास होते. हिवाळ्यात पाहून ठरवतात की घराच्या उत्तरेची भिंत कायम सावलीत आहे. डिसेंबरात ते खरंच असतं. पण आपण साधारण २१ अक्षांशावर राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीची सावली ऐन उन्हाळ्यात भिंतीतच विरते. तिथे लावायचं असेल तर वर छज्जा, वेलीचा मांडव किंवा शेडनेट हवंच.

झाडाखालच्या सावलीचंही असंच. निंब साधारण फाल्गुनात पान झाडतो आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला कोवळ्या पालवीने भरतो. मधले दोन-तीन आठवडे त्याच्याखाली सावलीची नुसती जाळी उरते, आणि नेमकं तेव्हाच ऊन तापायला लागलेलं असतं. चिंचेचंही थोडंफार तसंच होतं. आंबा एकदम उघडा पडत नाही, म्हणून आंब्याखाली झेब्रिना सर्वात निर्धास्त. निंबाखाली लावणार असाल तर त्या तीन आठवड्यांसाठी ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट आधीच आणून ठेवा. फांद्यांना सुतळीने बांधून जमिनीपासून पाच-सहा फुटांवर ताणलं की काम झालं.

कुठे लावू नये, हे त्याहून महत्त्वाचं. एसीचं बाहेरचं युनिट जिथे गरम हवा फेकतं तिथे नको. दाराच्या पायरीलगत नको, कारण दाट पाल्यात विंचू आणि साप आसरा घेतात. पायरीपासून किमान चार फूट सोडा. कुत्रा जिथे लोळतो तिथे नको, कारण हिच्या रसाने कुत्र्याच्या पोटावरची कातडी लाल होते आणि ते खाजवत सुटतं.

आणि केळीच्या बागेत तर मुळीच नको. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीखालची सावली पाहून कुणाच्याही मनात येऊ शकतं की आच्छादन म्हणून ही छान, तण दाबेल आणि ओल धरेल. हा विचार तिथल्या तिथे सोडा. केळीवरचा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, मावा पसरवतो आणि केना हे त्या विषाणूचं ओळखीचं आश्रयस्थान आहे. म्हणून तर केळीत केना ठेवू नका असं सांगतात. त्याच कुळातली, मावा येणारी वेल आपण होऊन बागेत नेऊन बसवायची नसते. घराभोवती लावली तरी केळीच्या खोडांपासून आणि वेलवर्गीय भाज्यांच्या वाफ्यापासून ती लांब ठेवा.

लावायची वेळ

जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टअखेर. जूनमध्ये दोन सरी पडल्या की घाई होते, पण पाऊस मध्येच ओढ देतो, ऊन पुन्हा ३८-४० अंशांवर जातं आणि मुळं न धरलेल्या काड्या उकडून निघतात. दुसरी संधी ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास. तेव्हा वाढ सावकाश होते पण मर कमी असते. डिसेंबर-जानेवारीत आणि मार्चनंतर लावू नका.

४० चौरस फुटांचा हिशेब

समजा निंबाखाली १० फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा करायचा आहे. पुढचे सगळे आकडे याच वाफ्याचे आहेत, तुमच्या मापाने कमी-जास्त करा.

झाडाखाली कुदळ चालवायची नाही. निंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटली की झाडाला त्रास. खुरप्याने तीन इंचांपर्यंत माती मोकळी करा, केना, हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढा. लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या तर झेब्रिना त्याला दाबू शकत नाही, तो तिच्यातूनच वर येतो आणि मग एकेक पात उपटत बसावं लागतं. या कामाला एक दिवस जास्त लागला तरी चालेल.

त्यावर दोन इंचांचा नवा थर द्यायचा. १५ लिटरच्या घमेल्याने मोजलं तर साधारण १२ घमेली लागतात: ६ घमेली पोयट्याची माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, ३ घमेली जाड वाळू. तापी-गिरणाकाठी पोयटा सहज मिळतो. घराची माती काळी असेल आणि पोयटा मिळत नसेल तर काळी माती, शेणखत आणि जाड वाळू यांचे सारखे भाग घ्या, म्हणजे प्रत्येकी ४ घमेली. काळ्या मातीत मूठ-दोन मुठी बारीक वाळू टाकून काही होत नाही, ती मिसळून आणखी घट्ट बसते. वाळू जाड हवी आणि भरपूर हवी. जाड वाळू नसेल तर चाळलेला बारीक मुरूम घ्या. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. हातात घेतल्यावर त्याला शेणाचा नव्हे, पावसाळी मातीचा वास यायला हवा.

निंबाच्या बुंध्याभोवती एक फुटाचं कडं मोकळं सोडा. बुंध्याला माती लावून वर ओला पाला राहिला की साल कुजते आणि वाळवी चढते.

आता हद्द. हे काम लावणीच्या आधी करायचं, 'नंतर बघू' म्हणून ठेवायचं नाही. ९ इंची विटा कडेवर उभ्या करून वाफ्याच्या चारी बाजूंनी लावा, निम्म्याहून थोडी जास्त वीट जमिनीत आणि दोन इंच वर. घेर २८ फूट, म्हणून ३८ विटा. फूटतूट धरून ४२ आणा. शहाबादी फरशीच्या पट्ट्याही चालतात. झेब्रिनेची मुळं उथळ असतात, ती विटेखालून सहसा जात नाहीत. ती जाते वरून. विटेवर चढते, पलीकडे झुकते, तिथल्या ओल्या मातीला पेर टेकलं की मूळ सोडते. म्हणून विटेच्या बाहेर आणखी सहा इंच रुंदीचा पट्टा खडीने भरून घ्या. खडी उन्हाने तापते, कोरडी राहते, आणि बाहेर आलेली वेल तिच्यावर लांबूनही दिसते. वीट तिला थांबवत नाही, ती बाहेर आली हे आपल्याला वेळेवर कळवते. कात्री आपल्यालाच चालवायची असते.

काड्या

४० चौरस फुटांत एक-एक फुटावर ४० ठिकाणं येतात. प्रत्येक ठिकाणी ३ काड्या, म्हणजे १२० काड्या. नर्सरीतून छान भरलेल्या तीन लटकत्या कुंड्या आणल्या तर एवढ्या निघतात, आणि कुंडीतले खुंट पुन्हा फुटतात. पूर्ण वाफा भरायला अडीच ते तीन महिने लागतात. आठ इंचांवर लावलं तर महिनाभर आधी भरतो, पण काड्या दुपटीहून जास्त लागतात. घाई नसेल तर एक फूटच ठेवा.

कुंडी विकत घेताना वरचं सौंदर्य पाहू नका, मधला पाला दोन बोटांनी बाजूला करून खोडाचा तळ पाहा. खोड काळपट, पिचपिचीत असेल किंवा पेरांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ती कुंडी तिथेच ठेवा. ते पुंजके पिठ्या ढेकणाचे असतात आणि एकदा वाफ्यात शिरले की निघता निघत नाहीत.

काडी चार ते पाच इंचांची घ्या, तिच्यावर तीन-चार पेरं हवीत. काप पेराच्या खाली, पाव इंचावर. खालची दोन पानं काढा. पान काढताना ते खाली ओढू नका, बाजूला वळवून काढा. पानाचा देठ खोडाला म्यानासारखा वेढलेला असतो, ओढला की खोडाची साल निघते आणि तिथूनच कूज सुरू होते. म्यान नीट निघालं की पेरावर बारीक पांढरे उंचवटे दिसतात. तीच उद्याची मुळं. ही दोन पेरं मातीत जायला हवीत, बाकी वर.

कापलेल्या काड्या सावलीत तासभर पसरून ठेवा म्हणजे काप सुकतो. रूटिंग पावडरची गरज नाही. संध्याकाळी बोटाने किंवा काडीने भोक करून लावा, माती बोटांनी दाबा आणि झारीने हलकं पाणी द्या. ७ ते १० दिवसांत मुळं धरतात. बाराव्या दिवशी काडी हलकेच वर ओढून पाहा, अडली तर लागली. हातमोजे घाला. रस लागून खाज आली तर चोळू नका, साबणाने धुऊन खोबरेल लावा.

मुळं धरल्यावर, तीन आठवड्यांनी, प्रत्येक काडीचा शेंडा खुडायचा. हे बरेच जण टाळतात, वाढती वेल कापवत नाही. पण शेंडा न खुडलेली काडी एकच लांब दोरी करते आणि वाफ्यात रताळ्याच्या वेलांसारखा गुंता दिसतो. शेंडा खुडला की बगलेतून दोन-तीन फुटवे येतात आणि जमीन झाकली जाते. खुडलेले शेंडे मधल्या मोकळ्या जागेत खोचा.

पाणी

झेब्रिना पाण्यावाचून जेवढी मरते त्याहून जास्त पाण्याने मरते. खोडातच ओल साठवून ठेवलेली असते, म्हणून दोन दिवस तहान ती सोसते, पण चिखलात उभी राहिली तर आठवड्यात तळातून कुजते.

पावसाळ्यात पाणी देऊ नका. पाच-सहा दिवस उघडीप झाली तरच द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर तिसऱ्या दिवशी, डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा आणि तेही सकाळी. थंडीत खान्देशातली रात्र १० अंशांच्या खाली उतरते, संध्याकाळी भिजलेल्या पानांच्या कडा सकाळी काळ्या पडतात. फेब्रुवारी-मार्चात एक दिवसाआड. एप्रिल ते जून रोज, सूर्य वर यायच्या आत, आपल्या ४० चौरस फुटांच्या वाफ्याला १८ ते २० लिटर. भर दुपारी पाइप धरू नका. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, पानांचं तर विचारूच नका.

ठिबकची सवय असलेल्या घरात हे आणखी सोपं आहे. १६ मिलिमीटरच्या इनलाइन नळीच्या, दर ४० सेंटिमीटरला ताशी ४ लिटरचा ड्रीपर असलेल्या, १० फुटांच्या तीन ओळी सव्वा-सव्वा फुटावर टाका. ताशी साधारण ९० लिटर पाणी पडतं, म्हणजे उन्हाळ्यातली गरज १३-१४ मिनिटांत भागते. ठिबकचा मोठा फायदा म्हणजे पानं कोरडी राहतात.

कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र वाफ्यात सोडू नका. उन्हाळ्यात प्रत्येक अंगणात ही मोह पाडणारी सोय असते. कुलरमध्ये पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं मुळातच जड पाणी आठवड्यात आणखी जड होतं. आरओच्या बाहेर टाकायच्या पाण्याचंही तेच. पानांची टोकं तपकिरी आणि मातीवर पांढरी साय दिसली तर समजा की क्षार साठलेत. पावसाळ्यात ते धुऊन जातात. तोवर थांबायचं नसेल तर मिळेल त्या गोड्या पाण्याने एकदाच भरपूर भिजवून निचरा होऊ द्या.

खत

कमी. जुलैत आणि ऑक्टोबरात वाफ्यावर एक-एक घमेलं गांडूळखत भुरभुरवलं की वर्ष निघतं. युरिया टाकू नका. नत्र जास्त झालं की पेरं लांबतात, पानं मोठी पण फिकी होतात आणि मावा धरतो.

वर्षभराची कात्री

जुलै ते सप्टेंबर दर १५ दिवसांनी कड कापायची. विटेच्या आतल्या बाजूने एक इंच सोडून सरळ रेषेत कात्री चालवा. बुंध्याभोवतीचं कडंही त्याच दिवशी साफ करा, नाहीतर वेल बुंध्याच्या खडबडीत सालीत मुळं खुपसून वर चढते. ऑक्टोबरनंतर महिन्यातून एकदा पुरतं.

उंची सहा इंचांच्या आत ठेवा. त्याहून वाढली की खालची पानं उजेडाअभावी सडतात, वर हिरवीगार चादर आणि खाली नुसता चिखल-काडी, असं होतं. शिवाय त्या थरात काय बसलंय ते दिसत नाही. हात घालण्याआधी दरवेळी लांब काठीने किंवा खराट्याने पाला हलवून घ्या. ही सवय मुलांनाही लावा.

मोठी छाटणी वर्षातून एकदाच, जून संपताना, चांगला पाऊस बसल्यावर. जमिनीपासून दोन इंच ठेवून सगळं कापा. पंधरा दिवस वाफा ओकाबोका दिसतो, मग भरतो. हीच छाटणी होळीच्या आसपास केली तर उघडी पडलेली माती तापते आणि मुळं भाजतात. उन्हाळ्यात वरची पानं कितीही करपली तरी ती कापायची नाहीत. करपलेला पाला खालच्या पेरांना सावली देतो. मेअखेरीला वाफा मेल्यासारखा वाटतो तेव्हा पाला बाजूला करून मातीलगतचं एक खोड नखाने खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर वाफा जिवंत आहे. पाणी चालू ठेवा, उपटू नका.

काही फांद्यांवर पट्टे नसलेली, साधी हिरवी पानं येतात. ती दिसताक्षणी बुडातून काढा. हिरवी फांदी पट्टेरी फांदीपेक्षा जोमाने वाढते आणि दोन पावसाळ्यांत वाफा हिरवा होऊन बसतो. सगळीकडचेच पट्टे फिके पडत असतील तर तो उजेड कमी पडल्याचा निरोप आहे. निंबाच्या खालच्या दोन-तीन फांद्या विरळ करा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाफ्याच्या मध्यावर टक्कल पडतं. जुनी खोडं दोरीसारखी होतात, पानं फक्त टोकांना. रोग शोधत बसू नका, हे वय आहे. जुलैत त्या भागातलं जुनं सगळं उपटा, घमेलंभर शेणखत मिसळा आणि कडेच्या कोवळ्या काड्या तिथे लावा.

काय बिघडतं

पावसाळ्यात शंखी गोगलगाय सर्वात जास्त नुकसान करते. सकाळी पानांना मोठी वेडीवाकडी भोकं आणि विटांवर चमकणारा चिकट माग दिसला की तीच. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट पसरा, पहाटे उलटा, खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात टाकू नका, ते माती आणि निंब दोघांनाही बाधतं.

उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके, मागे बारीक जाळं. हवा कोरडी आणि धूळ साठलेली असली की तो वाढतो. सलग तीन दिवस भल्या पहाटे पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारला तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि २ मिलिलिटर पातळ साबण मिसळून, ऊन उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारा. ३५ अंशांच्या वरच्या उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात.

खोड तळाशी काळं, मऊ आणि वास मारणारं असेल तर ती कूज आहे. औषधाआधी पाण्याची वाट शोधा. वाफ्याच्या उताराच्या बाजूची एक वीट काढली तरी साचलेलं पाणी निघून जातं. कुजलेला भाग चार इंच जास्तीचा घेऊन काढा, जागा आठवडाभर उघडी ठेवा, मग वरच्या निरोगी शेंड्यांनी भरा.

निंबाचा पाला आणि निंबोळ्या वाफ्यावर पडतातच. थोडा पाला खाली जिरतो, त्याचं खत होतं. फाल्गुनातला मोठा सडा मात्र दोन-तीन दिवसांनी हाताने हलवून खाली पाडा किंवा उचला, नाहीतर त्याखाली पानं पिवळी पडतात. दाताळं ओढू नका, मुळासकट चादर निघते.

कापलेल्या काड्यांचं काय करायचं

हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. झेब्रिनेचा बोटाएवढा तुकडा सावलीत पडून कित्येक दिवस जिवंत राहतो आणि ओल मिळाली की उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेत तिची नोंद आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे, ती याच स्वभावामुळे. सातपुड्यातल्या ओढ्यांचे काठ, पाटणादेवी-गौताळ्याच्या दऱ्या, मनुदेवीच्या परिसरातली झाडी, या सगळ्या ठिकाणी सावली आणि ओल दोन्ही आहे. तिथे ही शिरली तर जमिनीलगतची देशी रोपं तिच्याखाली दबतील, आणि डोंगरउतारावरून तिला वेचून काढणं कुणालाच जमणार नाही. म्हणून काड्या नाल्यात, ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. उकिरड्यावरची झेब्रिना खताबरोबर थेट शेतात जाते. ढोरांपुढे आणि शेळ्यांपुढेही टाकू नका, हा चारा नव्हे.

मार्च ते जून हे काम आपलं ऊनच करतं. गच्चीवर पत्रा किंवा ताडपत्री अंथरून पातळ थर पसरा, रोज उलटा, आठ-दहा दिवसांत काडी कडकडून मोडते. मोडली की ती मेली, मग कंपोस्टमध्ये टाका. वाकली तर आणखी दोन दिवस. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी भरून काड्या बुडवा, वर दगड ठेवा, तोंडाला जाळी किंवा जुनं पातळ बांधा म्हणजे डास होणार नाहीत. महिन्याने त्याचा लगदा होतो, वास येतो, पण तो खतात निर्धोक जातो. कुणाला काड्या द्यायच्याच असतील तर कुंडीत लावून द्या आणि वरच्या गोष्टी सांगून द्या.

सगळी काढायची झाली तर

तणनाशकाच्या मागे लागू नका. पान मेणचट असल्यामुळे द्रावण ओघळतं, आणि खाली निंबाची मुळं आहेत. दोन चांगल्या पावसांनंतर माती मऊ असताना एका टोकापासून सुरू करा, बोटं मातीलगत घालून चादर उचला आणि सतरंजी गुंडाळतात तशी गुंडाळत न्या. मुळं उथळ असल्याने बहुतेक सगळी एकत्र निघते. गुंडाळी थेट ताडपत्रीवर ठेवा, जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका, वाटभर तुकडे पडतात. मग उकिडवं बसून हाताने राहिलेली पेरं वेचा. एका माणसाला ४० चौरस फुटांसाठी दोन-अडीच तास लागतात.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहा. राहिलेल्या प्रत्येक पेरातून इंचभर जांभळा कोंब वर आलेला असतो आणि त्या वयात तो मातीवर लगेच नजरेत भरतो. तोच उपटायचा. अशा चार फेऱ्या, दर पंधरवड्याला एक, दिवाळीपर्यंत पूर्ण करा. मग त्या जागेवर पुठ्ठे अंथरून वर तीन इंच वाळला पाला घाला आणि पुढच्या जुलैत, पहिल्या सलग पावसानंतर, विटांच्या फटी आणि बुंध्याच्या सालीतले खाचे एकदा बोटाने चाचपून पाहा. शेवटची पेरं तिथेच सापडतात.